लॉनमधील तण आणि पडलेली टक्कले: पावसाळ्याआधी नेमके काय करावे?

शमी | १४ एप्रिल

बाणेरला आमच्या रो-हाउसपुढे साधारण ५०० चौरस फुटांचे लॉन आहे. गवत 'सिलेक्शन नंबर वन' या नावाने विकतात ते, म्हणजे हरळीचीच बारीक पात्याची जात. बिल्डरने मुरुमाच्या भरावावर चार-पाच इंच काळी माती पसरून त्यावर गवताच्या चकत्या अंथरून दिल्या होत्या. पहिल्या वर्षी रस्त्याने जाणारे लोक ते पाहायला थांबत असत. आता थांबतात ते पत्ता विचारायला.

सध्या तीन ठिकाणी जमीन उघडी पडली आहे. एक, फाटकापासून पायरीपर्यंतचा पट्टा. दुसरा, आंब्याखालचा भाग. आणि तिसरे, भर उन्हात मध्येच एक परातीएवढे वर्तुळ, ज्याचे कारण कोणालाच सांगता येत नाही. पाऊस सुरू झाला की याच जागांवर लव्हाळा, केना, दुधी आणि आंबुशी माजतात आणि तिथून चांगल्या गवतात शिरतात. माळीकाका दरवर्षी उपटून देतात आणि दरवर्षी ते परत येते. लॉन लावून देणाऱ्या कंत्राटदाराचे म्हणणे असे, की सगळे काढून नवीन कार्पेट टाकावे. त्याच मातीवर तेच गवत टाकून या वेळी वेगळे काय होणार, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

जूनपर्यंत हाताशी थोडा वेळ आहे. या काळात काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कोणत्या भागाचा नाद सोडून द्यावा, हे जाणकारांनी सांगावे. रसायने शक्यतो नकोत, कारण घरात रांगते मूल आहे.

मृद्गंध | १४ एप्रिल

शमीताई, तुम्ही तण आणि टक्कल असे दोन प्रश्न मांडले आहेत, पण तुमच्याच वर्णनावरून तो एकच प्रश्न असल्याचे दिसते. तण आधी उघड्या जागेवर येते आणि मग पसरते. हरळी दाट असेल तर तिच्या बुडाशी ऊन पोचत नाही, आणि बहुतेक वर्षायू तणांच्या बारीक बियांना उगवण्यासाठी उजेड लागतो. म्हणून जी मेहनत तण उपटण्यावर खर्च होते, तिच्यातली निम्मी तरी जमीन उघडी का पडली हे शोधण्यावर खर्च करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण न शोधता नवीन कार्पेट टाकणे म्हणजे कंत्राटदाराच्या पुढच्या वर्षीच्या कामाची सोय करून देणे होय.

तिन्ही जागांची कारणे बहुधा वेगवेगळी असतील, तेव्हा आधी तपासणी करा. आदल्या दिवशी संध्याकाळी भरपूर पाणी द्या आणि सकाळी एक लांब पेचकस घेऊन चांगल्या गवतात, मग प्रत्येक टकलावर हाताने दाबून पाहा. चांगल्या जागी तो मुठीपर्यंत सहज जाईल. जिथे दोन इंचांवर अडतो आणि जोर लावल्यावर थोडा थोडा सरकतो, तिथे माती दडपली आहे. जिथे टक्कन आवाज होऊन अडतो आणि हलतच नाही, तिथे खाली काहीतरी आहे. त्यानंतर टकलाच्या कडेचे गवत मुठीत धरून हलकेच ओढा. ते मुळांशिवाय सतरंजी उचलल्यासारखे वर आले, तर मुळे कोणीतरी खात आहे. आंब्याखाली मात्र पेचकसाची गरज नाही. तिथे प्रत्यक्ष ऊन किती तास पडते ते एका सुटीच्या दिवशी नोंदवून ठेवा.

एक सूचना आताच देऊन ठेवतो. एप्रिल-मे महिन्यांत तपकिरी दिसणारे सगळेच गवत मेलेले नसते. हरळीची मुळी म्हणतात ते उगाच नाही. वरचे पाते वाळले तरी जमिनीलगतच्या कांड्या जिवंत असतात. नखाने कांडी खरवडून पाहा. आत पांढरट-हिरवी आणि ओलसर असेल, तर त्या जागेला टक्कल म्हणू नका आणि ती खणूही नका.

कोथरूडकर काका | १५ एप्रिल

मृद्गंध यांच्याशी सहमत आहे, पण 'दाट गवतात तण येत नाही' हा नियम लव्हाळ्याला लागू करू नये. केना, दुधी, घोळ, एकदांडी ही तणे बियांवर किंवा तुटलेल्या फांद्यांवर जगतात. लव्हाळा जमिनीखालच्या गाठींवर जगतो आणि त्याला उगवायला तुमच्या गवताची परवानगी लागत नाही.

आधी तो ओळखावा. लव्हाळ्याचे पाते हरळीपेक्षा चकचकीत असते, गवत कापल्यावर दोनच दिवसांत ते बाकीच्यांच्या वर डोके काढते, आणि फुलोऱ्याचा दांडा बोटांत फिरवला तर त्याच्या तीन धारा हाताला लागतात. पावसाळ्यात तो उपटला की पाते हातात येते, खाली दोन-तीन इंचांवर सुतासारखा धागा तुटल्याचे जाणवते आणि हरभऱ्याएवढी काळपट गाठ तिथेच राहते. त्याच धाग्यावर पुढे दुसरी गाठ, तिच्यापुढे तिसरी अशी माळ असते. माळ अखंड असताना बऱ्याच गाठी झोपलेल्या असतात. ती तुटली की त्या जाग्या होतात. माळ्याने एक उपटला आणि चार आले, ही तक्रार म्हणूनच खरी असते. (गाठ फोडून वास घेतलात तर दिवाळीच्या उटण्याची आठवण येईल; नागरमोथा म्हणून वाण्याकडे मिळतो तो याच जातकुळीतला.)

उपाय दोन आहेत आणि दोन्हींना ऋतू आहे. टकलाच्या जागी, जिथे वाचवण्यासारखे गवत उरलेलेच नाही, तिथे आत्ताच कुदळीने आठ-नऊ इंच खणून ढेकळे उलटी करून उन्हात उघडी पडू द्यावीत. लव्हाळ्याची गाठ पाण्यात, चिखलात, अंधारात टिकते, पण कोरडेपणा तिला सोसत नाही. शेतकरी उन्हाळी नांगरट करतात त्यामागे हेही एक कारण आहे. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात आठवडा-दोन आठवडे वर पडलेली गाठ सुकून निकामी होते. या काळात त्या जागेवर पाण्याचा थेंबही पडू देऊ नये.

चांगल्या गवतात शिरलेला लव्हाळा मात्र खणू नये. तिथे तो दर दोन-तीन आठवड्यांनी मातीलगत विळ्याने कापावा. पात फुटल्यापासून साधारण तीन आठवड्यांत तो नवीन गाठ धरू लागतो, त्याआधी कापला तर जुन्या गाठीतला साठा खर्च होत राहतो आणि भर पडत नाही. एका पावसाळ्यात तो संपेल अशी आशा धरू नये. दुसऱ्या पावसाळ्यात तो विरळ झालेला दिसतो.

रानवारा | १५ एप्रिल

एवढा खटाटोप कशासाठी? ग्लायफोसेट हे तणनाशक मारून मोकळे व्हावे. आमच्या सोसायटीत कंत्राटदार हेच करतो आणि पंधरा दिवसांत जागा साफ होते.

मृद्गंध | १५ एप्रिल

रानवारा, जागा साफ होते हे खरे, पण त्या साफसफाईत हरळीही जाते, कारण ग्लायफोसेटला हिरवे ते सगळे सारखेच. म्हणजे टक्कल मोठे होते आणि जून महिन्यात त्याच मोकळ्या जागेत बियांची नवी पिढी उगवते. शिवाय भारतात त्याची शिफारस चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागांसाठी आहे, आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढलेल्या अधिसूचनेने त्याचा वापर कीड-नियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. माळ्याच्या हाती डबा देऊन अंगणात फवारण्याची ही वस्तू नव्हे.

दुसरे नाव सुचवले जाते ते टू-फोर-डीचे. ते रुंद पानांच्या तणांवर चालते आणि गवताला सहसा इजा करत नाही, पण त्याचा तुषार वाऱ्याने टोमॅटो, भेंडी किंवा द्राक्षाच्या वेलावर गेला तर पाने वेडीवाकडी होतात. रो-हाउसच्या ओळीत शेजाऱ्याची गच्चीवरची बाग हातभर अंतरावर असते, हे लक्षात घ्यावे. लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन नावाचे तणनाशक आहे, परंतु आपल्याकडे ते उसासारख्या पिकांसाठी विकले जाते. लेबलवर जिचे नाव नाही अशा जागी, तेही रांगते मूल असलेल्या घरी, मी ते सुचवणार नाही. पाचशे चौरस फूट म्हणजे खुरप्याच्या आवाक्यातली जागा आहे.

अनुजा_सहकारनगर | १६ एप्रिल

आंब्याखालच्या भागाबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे हीच परिस्थिती होती आणि त्यावर नको तितका पैसा खर्च होताना मी पाहिला आहे. सिलेक्शन आणि हरळीच्या सर्व जातींना प्रत्यक्ष ऊन निदान सहा तास हवे असते. चार तासांच्या खाली ती जगते, पण भरत नाही. पाती लांब, फिकट आणि विरळ होतात आणि मधल्या फटींतून आंबुशी येते. मेक्सिकन लॉन म्हणून मिळणारे गवत थोडी अधिक सावली सोसते, मात्र ते अतिशय सावकाश पसरते, त्यामुळे तिथे तण काढण्याचे काम वाढते. रुंद पात्याचे बफेलो गवत सावलीत त्याहून बरे टिकते, पण बारीक सिलेक्शनशेजारी ते वेगळे उठून दिसते आणि हळूहळू सिलेक्शनमध्ये सरकते.

माझा सल्ला असा, की आंब्याच्या बुंध्याभोवती जिथे दुपारचे ऊन पोचत नाही तिथे गवताचा हट्ट धरू नये. त्या भागाला विटांची किंवा दगडांची वर्तुळाकार कड करून आत मोंडो ग्रास किंवा स्पायडर प्लांट लावावे, किंवा आंब्याचीच वाळलेली पाने तीन-चार इंच जाडीने पसरून ठेवावीत. पानांच्या थराखाली तण फार कमी उगवते आणि झाडालाही ते मानवते. फक्त खोडाला चिकटून ढीग करू नये. वेडेलिया मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी लावू नका. पिवळी फुले छान दिसतात, पण ती वेल दोन पावसाळ्यांत कड ओलांडून लॉनमध्ये येते, आणि मग तिच्यासाठी नवीन धागा काढावा लागेल.

खालच्या एक-दोन फांद्या कमी केल्या तर ऊन वाढते, हे बरोबर आहे. ते काम फळे उतरल्यावर करावे, आणि छाटणी मोठी असेल तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी.

तिरकस_पुणेकर | १७ एप्रिल

चर्चा उत्तम चालली आहे, फक्त एक हिशेब कोणी मांडलेला नाही, तो मांडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ५०० चौरस फूट म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. मे महिन्यात आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी द्यायचे ठरवले, तर साडेअकराशे लिटर झाले. म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर नवव्या आठवड्यालाही पुरत नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून उन्हाळ्याच्या शेवटी किती पाणी उरते, याची बातमी आपण दरवर्षी वाचतो. अशा शहरात पिण्याच्या पाण्यावर लॉन हिरवे ठेवण्याचा अट्टहास मला पटत नाही.

मृद्गंध | १७ एप्रिल

तुमचा हिशेब बिनचूक आहे आणि त्याचा उपयोग लॉनच्या बाजूनेही होतो. रोज संध्याकाळी पाइप धरून पाच मिनिटे भिजवण्याची जी पद्धत आहे, तिच्यात पाणी अर्धा-पाऊण इंचाखाली जात नाही, त्यामुळे मुळेही तेवढ्यातच घुटमळतात आणि एक दिवस पाणी चुकले की गवत माना टाकते. याउलट वरचा थर सतत ओला राहिल्याने लव्हाळ्याची आणि तणांच्या बियांची मात्र सोय होते. तेवढेच पाणी आठवड्यातून दोनदा, पहाटे, माती पाच-सहा इंच भिजेल असे दिले तर गवत तगते आणि तण कमी येते. लॉनवर बिनझाकणाचा रिकामा डबा ठेवून त्यात किती मिलिमीटर साचले हे एकदा मोजले की किती वेळ पाणी द्यायचे ते कळते. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते, म्हणून ते दोन टप्प्यांत, मध्ये अर्धा तास थांबून द्यावे. नाहीतर फाटकाबाहेर ओघळ जातो आणि शेजारी तुमचाच मुद्दा घेऊन दारात येतात.

पाणी कमी असेल तर मे महिन्यात लॉन तपकिरी होऊ द्यावे, हेही मी मोकळेपणाने सांगेन. दोन-तीन आठवड्यांतून एकदा कांड्या जिवंत राहतील एवढे पाणी पुरते. धुण्याचे पाणी वापरायचे तर साबणाचे पहिले पाणी सोडून शेवटच्या खळबळण्याचे घ्यावे. बोअरवेलचे पाणी क्षारांचे असेल तर मातीवर पांढरी पूड दिसू लागते आणि तिथेही टक्कल पडते, म्हणून त्यावर सतत अवलंबून राहू नये.

कापणीबद्दल कोणीच लिहिले नाही. गुळगुळीत दिसावे म्हणून अर्ध्या इंचावर भादरलेले लॉन दोन कापण्यांत तणांचे होते. घरगुती अंगणात दीड इंच उंची ठेवावी, उन्हाळ्यात थोडी जास्त, आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. बोथट पात्याने कापले की टोके फाटून पांढरी पडतात. लोक त्याला रोग समजतात आणि औषधाच्या दुकानात जातात.

शमी | २० एप्रिल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तपासणी केली. फाटकाच्या पट्ट्यात पेचकस दोन इंचांवर अडला आणि जोर लावल्यावर थोडा सरकला, म्हणजे माती दडपली आहे. शिवाय पाहुण्यांच्या स्कूटर तिथेच उभ्या राहतात. आंब्याखाली सकाळचे तीन तास ऊन आहे, बाकी दिवसभर सावली. आणि मधल्या वर्तुळात टक्कन आवाज आला. माळीकाकांनी तिथे खणले, तेव्हा पाऊण फुटावर बांधकामाच्या वेळचा कालवलेल्या सिमेंटचा गठ्ठा निघाला, तव्यासारखा सपाट, त्याला दोन विटांचे तुकडे चिकटलेले. भोवतीची माती राखाडी आणि भुसभुशीत होती. दरवर्षी नेमके तेवढेच वर्तुळ का सुकत होते, हे आता समजले.

आता पुढे काय? खड्ड्यात कोणती माती घालावी? माळीकाका शेणखत आणतो म्हणतात.

कोथरूडकर काका | २० एप्रिल

शेणखत आणू द्या, पण आधी हातात घेऊन पाहा. त्यात काडीकचरा ओळखू येत असेल, आत हात घातल्यावर ऊब लागत असेल किंवा वास येत असेल, तर ते कच्चे आहे. जनावराच्या पोटातून अखंड गेलेले तणांचे बी त्यात जिवंत असते, आणि हुमणीचे (मुळे खाणाऱ्या अळीचे) भुंगेरेही अंडी घालायला असेच खत पसंत करतात. पूर्ण कुजलेले खत काळे, रवाळ आणि मातीच्या वासाचे असते. विकतची लाल माती किंवा पोयटा घेतानाही तेवढीच काळजी हवी, कारण पुण्यातल्या कितीतरी बागांमध्ये लव्हाळा मातीच्या टेम्पोतूनच आलेला आहे. सगळी माती पसरण्याआधी तिच्यातली दोन ओंजळी एका पसरट कुंडीत घालून ओली ठेवावी. पंधरा दिवसांत काय उगवते ते पाहावे आणि मगच उरलेली वापरावी. उगवणारी पात लव्हाळ्याची असेल तर माती परत पाठवावी. विक्रेता कुरकुर करेल, करू द्यावी.

सिमेंटच्या खड्ड्यातली राखाडी माती पूर्ण काढून टाका, वीतभर आजूबाजूचीही. चुना-सिमेंटमुळे ती जास्त विम्ल (आम्लाच्या उलट) झालेली असते आणि आपली काळी माती मुळातच विम्लतेकडे झुकलेली आहे.

मृद्गंध | २१ एप्रिल

काकांच्या उन्हाळी खणणीला एक जोड देतो आणि तिथे आमचा थोडा मतभेदही आहे. उघडे ऊन लव्हाळ्याच्या गाठींना मारते, पण वरच्या थरातल्या बियांना त्याने फारसे काही होत नाही. बियांसाठी माती ओली करून, ढेकळे फोडून, वर २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद ताणून, कडा मातीत दाबून चार ते सहा आठवडे ठेवावा लागतो. ओली माती उष्णता खोलवर नेते आणि फुगलेले बी लवकर मरते. काळा कागद इथे तितका उपयोगी नाही, कारण तो स्वतः तापतो, माती कमी तापते. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र याने हमखास मरत नाहीत.

म्हणून शमीताईंनी फाटकाजवळच्या भागात एप्रिलअखेरपर्यंत कोरडे ऊन द्यावे, वर आलेल्या गाठी वेचून कचऱ्यात टाकाव्यात (कंपोस्टमध्ये कदापि नाही), आणि मग पाणी घालून संपूर्ण मे महिना प्लास्टिक लावावे. आंब्याखाली प्लास्टिक लावू नये. तिथे ऊनही नाही आणि झाडाची वरवरची मुळे मात्र गुदमरतील.

फाटक ते पायरी या पट्ट्यात कितीही उत्तम गवत लावले तरी ते दरवर्षी जाणार, कारण माणसे तिथूनच चालणार. तिथे शहाबादी फरशीचे तुकडे पावलाच्या अंतरावर बसवावेत, फरशीची वरची पातळी मातीपेक्षा बोटभर खाली ठेवावी म्हणजे मशीन वरून निर्वेध जाते, आणि मधल्या फटींत गवत वाढू द्यावे. स्कूटरसाठी फाटकालगत वेगळी फरसबंदी करावी.

शमी | २१ एप्रिल

फरशीची कल्पना सासूबाईंना गवतापेक्षा जास्त आवडली. लागवड मात्र नेमकी केव्हा आणि कशी करावी? नर्सरीवाले चकत्याच घ्या म्हणतात.

कोथरूडकर काका | २२ एप्रिल

चकत्या घेतल्यात तर त्यांच्याबरोबर येणारे तणही विकत घ्याल. सोलापूर रस्त्यावर हडपसरपासून उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्या आहेत, तिथे जाऊन चकती उलटी करून पाहिल्याशिवाय घेऊ नये. खालच्या मातीत काळ्या गाठी दिसल्या तर पुढच्या नर्सरीत जावे. पण तुमच्याकडे जात धावणाऱ्या गवताची आहे आणि चांगला भाग शिल्लक आहे, तेव्हा विकत काहीच घेण्याची गरज नाही.

जूनमध्ये पावसाचे दोन-तीन चांगले झड बसले की स्वतःच्याच लॉनच्या कडेच्या धावत्या काड्या काढाव्यात. प्रत्येक काडीला दोन-तीन पेरी असावीत. सहा इंच भुसभुशीत केलेल्या मातीत त्या तीन-चार इंचांवर, निम्मी काडी मातीत आणि निम्मी वर अशा तिरप्या टोचाव्यात आणि पायाने हलके दाबून घ्यावे. पावसाने उघडीप दिली तर रोज हलके पाणी द्यावे. ही रोजच्या पाण्याची सवलत फक्त या काळापुरती आहे. त्या आधी, शक्य असल्यास, मेअखेरीस प्लास्टिक काढल्यावर एकदा पाणी देऊन उरलेसुरले तण उगवू द्यावे आणि कोवळे असतानाच खुरप्याने वरच्यावर खरवडावे. तेव्हा माती खोल उलटू नये, नाहीतर खालचे बी वर येते आणि प्लास्टिकचे सगळे श्रम फुकट जातात.

काड्या जीव धरून सरकू लागल्या की ५०० चौरस फुटांना पाव किलो युरिया, पाते कोरडे असताना भुरभुरून लगेच पाणी. जास्त घातल्यास गवत जळते आणि तुम्हाला चौथे टक्कल मिळते. पाते पिवळट पट्ट्यांचे दिसले तर तो नत्राचा नव्हे, लोहाचा अभाव असण्याची शक्यता आहे. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून फवारावे, मात्र नव्या फरशीवर त्याचे थेंब पडू देऊ नयेत, गंजाचे डाग निघत नाहीत.

अनुजा_सहकारनगर | २२ एप्रिल

पावसातल्या खुरपणीबद्दल थोडे. केना दिसला की तो फुलण्याची वाट पाहू नये. निळी फुले वर दिसतात, पण हे झाड जमिनीखालीही पांढरट फुले धरते आणि तिथेच बी तयार करते, त्यामुळे नुसता पाला ओढून काम होत नाही. खुरपे खाली घालून मुळासकट काढावा आणि काढलेला लॉनवर टाकून ठेवू नये, कारण पेऱ्यापाशी तो पुन्हा मुळे सोडतो. आंबुशीच्या शेंगा पिकल्यावर हात लागताच फुटून बी दूर उडते, म्हणून तिच्यावर शेंगा धरण्याआधीच हात फिरवावा. शेजारी रिकामा प्लॉट असेल तर तिथले गाजर गवत फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून उपटून घ्यावे. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात आढळल्याची नोंद आहे आणि तिथून ते देशभर गेले, हा मान आपण मिरवत नाही ते बरेच आहे.

शमी | २८ ऑगस्ट

धागा वर काढते आहे. फाटकाचा पट्टा आणि मधले वर्तुळ भरून आले आहे. लव्हाळा आहे, पण तुरळक. माळीकाका आता उपटण्याऐवजी कापतात, सुरुवातीला त्यांना ते अजिबात पटले नव्हते. मात्र गेल्या आठवड्यापासून पूर्वेच्या भिंतीलगत, जिथे कधीच त्रास नव्हता, तिथे गवत पिवळे पडते आहे. पाऊस चालू असताना ते सुकावे हे विचित्र वाटते. सकाळी साळुंक्यांचा थवा नेमका तिथेच उतरून माती उकरतो.

मृद्गंध | २८ ऑगस्ट

साळुंक्यांनी निदान केलेले आहे. गवत ओढून पाहा, बहुधा अलगद वर येईल, आणि खाली दोन-तीन इंचांवर इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, पांढऱ्या अंगाच्या आणि तपकिरी डोक्याच्या अळ्या सापडतील. ती हुमणी. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी भुंगेरे बाहेर पडून कडुनिंबावर, बाभळीवर जमतात आणि मग मातीत अंडी घालतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात मोठ्या झालेल्या अळ्या मुळे खातात. भिंतीपलीकडे कडुनिंब आहे का, ते सांगा.

सध्या तो भाग उचलून अळ्या हाताने वेचाव्यात आणि साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. साळुंक्यांना हाकलू नये. त्यानंतर मेटारायझियम बुरशीची पावडर चांगल्या कुजलेल्या खतात मिसळून ओलसर मातीत, संध्याकाळच्या वेळी पसरावी. तिचा परिणाम सावकाश दिसतो, पण मुलाबाळांच्या अंगणात ती वापरता येते. मोकळ्या झालेल्या जागेत सप्टेंबर संपण्याआधी काड्या टोचून घ्या. नोव्हेंबरनंतर पुण्यातल्या रात्री गार होतात आणि हरळी वाढायची थांबते, तेव्हा उघडी राहिलेली जागा थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उघडीच राहील.

शमी | २९ ऑगस्ट

कडुनिंब आहे, शेजाऱ्यांचा, भिंतीला लागूनच. आज सकाळी दोन फूट भागातून वाटीभर अळ्या निघाल्या. मेटारायझियम उद्या आणते. पुढच्या मे महिन्यात भुंगेरे निघतील तेव्हा झाडाखाली दिवा आणि पाण्याची घमेली ठेवू का, असे शेजाऱ्यांना विचारले. ते हो म्हणाले आहेत, फक्त दिवा त्यांच्या बेडरूमच्या खिडकीकडे नको.